पुरावा अपुरा आहे

स्वरगंगा को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटीचे सेक्रेटरी हर्षवर्धन चुरी यांनी गेल्या वर्षी तेंडोलकर दांपत्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन हंस टाकले, आणि सगळ्या प्रकाराला सुरुवात तिथून झाली. हंस दिसायला वाईट नव्हते. निळ्या पाण्यात त्यांनी माना वळवून बदामाचा आकार केला होता, वर सोनेरी अक्षरांत 'श्री. व सौ. तेंडोलकर, फ्लॅट क्र. ४०२, यांना हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलं होतं आणि खाली एक पणती विनाकारण तेवत होती. पण एव्हरशाईन सिटीतल्या या सोसायटीत हंस कुणाच्या वाट्याला येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी आपला जोडीचा फोटो वेळेत दिला नाही, त्यांच्या.

चुरी हा पद्धतशीर माणूस. एका सरकारी खात्याच्या भांडारातून ते निवृत्त झाले होते आणि नोकरीत त्यांनी खिळासुद्धा सही घेतल्याशिवाय कुणाला दिला नव्हता. शुभेच्छांचं खातं हाती आल्यावर त्यांनी नियम केले. फोटो आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत यावा. तो एका वर्षाच्या आतला असावा. त्यात पती आणि पत्नी दोघेही स्पष्ट दिसावेत. दुसरा नियम अनुभवातून आला होता. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आपला लग्नातला फोटो पाठवला होता, तेव्हा दोन बायकांनी त्यांच्या मिसेसना जिन्यात गाठून, "हे तुमच्या मिस्टरांचं पहिलं लग्न का हो?" असं हळू आवाजात विचारलं होतं.

यंदा तेंडोलकरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मंगळवारीच चुरींचा निरोप आला. "सोमवारी रौप्यमहोत्सव! विशेष फ्रेम तयार केली आहे. फोटो रविवारी पाचच्या आत." श्रीरंगराव तेंडोलकरांनी नमस्काराचे हात पाठवले आणि मोबाइल बाजूला ठेवला. दोन मिनिटांचं काम आहे, असं त्यांना वाटलं. आयुष्यात जी कामं त्यांना दोन मिनिटांची वाटली त्यांची यादी केली, तर त्यात हा फ्लॅट घेणंही येतं.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते फोटो शोधायला बसले. मोबाइलमध्ये अकरा हजारांवर फोटो होते. त्यातले निम्मे सुप्रभात. उरलेल्यांत विजेच्या मीटरचे आकडे, औषधांच्या चिठ्ठ्या, बाथरूममधला गळका नळ तीन बाजूंनी, आणि मुलीने, म्हणजे आर्याने, जुन्या अल्बममधून काढून भरून दिलेल्या सगळ्या सहली. महाबळेश्वरला एका दगडापाशी त्यांच्या पत्नी मीराताई उभ्या होत्या. पुढच्या फोटोत त्याच दगडापाशी श्रीरंगराव उभे होते. गणपतीपुळ्याला मीराताई. गणपतीपुळ्याला श्रीरंगराव. पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने काढायचा, मग "आता तुम्ही उभे राहा" असं म्हणून अदलाबदल करायची. कन्याकुमारीला त्यांनी एका सज्जन गृहस्थांना दोघांचा काढायची विनंती केली होती. त्यांनी अगदी मनापासून काढला, आणि फोटोत त्यांचा स्वतःचा अंगठा आणि त्यामागे समुद्र आला.

नातेवाइकांच्या लग्नांतले होते. पण त्यात श्रीरंगराव मागच्या रांगेत डाव्या टोकाला आणि मीराताई पुढच्या रांगेत उजव्या टोकाला. मधले अकरा नातेवाईक कापल्याशिवाय ते जवळ येणं शक्य नव्हतं. आर्याच्या हाती मोबाइल आल्यावर तिने सेल्फी काढले होते. त्यात बहुतेक सगळी आर्या होती. एका कोपऱ्यात श्रीरंगरावांचा कान आणि दुसऱ्या कोपऱ्यात मीराताईंचं अर्धं कपाळ होतं.

मीराताई पदराला हात पुसत येऊन शेजारी बसल्या. त्यांनी अकरा हजार फोटो शेवटपर्यंत सरकताना पाहिले.

"गंमतच आहे," त्या म्हणाल्या. "शेजारच्या रचनाचा रोज एक फोटो येतो. आज दोघं नाश्ता करताना, काल दोघं गाडीत, परवा दोघं दातांच्या डॉक्टरकडे. आपला पंचवीस वर्षांत एक नाही."

"लग्नाचा अल्बम आहे की."

"त्याने लग्न झालं एवढं कळतं. पुढे आपण एकत्र होतो, त्याला काय?" मग हसत हसत त्यांनी विचारलं, "तुमच्या ऑफिसात असा क्लेम आला, तर पास कराल का हो?"

आता हा प्रश्न कुणाला विचारला ते लक्षात घ्यायला हवं. श्रीरंगराव चर्चगेटच्या एका विमा कंपनीत क्लेम विभागात सव्वीस वर्षं काम करत होते. माणूस मेला याचा दाखला असला तरी तो जगत होता याचा दाखला मागणारा अधिकारी म्हणून त्यांचं नाव होतं. प्रश्न आला की कागद बघायचा, कागद नसला की परत पाठवायचा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खरोखर विचार केला. दुसरा कुणी असता तर इथे खोटं बोलून सुटला असता.

"नाही," ते म्हणाले. "पुरावा अपुरा आहे."

मीराताई उठल्या आणि कपबशी घेऊन आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज जरा मोठा आला.

बुधवारपासून घरात शांतता पसरली. आधी श्रीरंगरावांना ती आवडलीसुद्धा. डबा वेळेवर मिळत होता, इस्त्रीचे कपडे जागेवर होते, फक्त आवाज नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की मीराताई आपल्याशी थेट बोलतच नाहीत. बुधवारी ऑफिसातून त्यांनी मेसेज केला, "उशीर होईल." उत्तरादाखल एक अंगठा आला. "भाजी आणू का?" अंगठा. "कोणती?" पुन्हा अंगठा. श्रीरंगरावांच्या खात्यात अंगठा म्हणजे संमती. ते निर्धास्त होऊन दुधी घेऊन घरी आले. दुधी रविवारपर्यंत ओट्यावर तसाच पडून होता.

त्यांनी पुण्याला आर्याला फोन लावला.

"बाबा, अंगठा?" ती ओरडली. "नुसता? किती?"

"तीन झाले. म्हणजे सगळं मान्य आहे ना?"

"बाबा, आई अंगठा टाकते म्हणजे मॅटर सीरियस आहे. तुम्ही काय बोललात तिला?"

श्रीरंगरावांनी सांगितलं.

"बाबा, तुम्ही असं बोललात? वेडे आहात का तुम्ही?"

"अगं पण पुरावा नव्हताच."

"आधी एक फोटो काढा दोघांचा," आर्या म्हणाली. "चांगला. आणि सोमवारी तो ग्रुपवर आला पाहिजे. पुन्हा हंस आले ना, तर मी घरी येणार नाही, सांगून ठेवते." एवढं बोलून तिने फोन ठेवला. एका फोटोने मीरा बोलायला कशी लागेल, हे श्रीरंगरावांच्या डोक्यात नीट बसलं नाही. पण परत पाठवलेल्या क्लेमला राहिलेला कागद जोडायचा असतो, एवढं त्यांना कळत होतं.

गुरुवारी लिफ्टमध्ये शेजारचा दीपेश भेटला. दीपेशचा गोखिवऱ्याला गाळा होता, त्यात बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं तयार होत. फेसबुकवर त्याच्याइतका प्रेमळ नवरा वसई तालुक्यात नव्हता. 'माझी राणी', 'माझा श्वास', 'सात जन्म कमी पडतील' असं तो रोज सकाळी साडेनऊला लिहायचा आणि त्याखाली चार-पाच डझन बदाम जमायचे. श्रीरंगरावांनी मानापमान बाजूला ठेवून त्याला विचारलं, की हे रोज सुचतं कसं.

"कुणाला, मला?" दीपेश म्हणाला. "काका, मला टाइम कुठाय? माझं अकाउंट रचनाच चालवते. माझ्याकडे पासवर्डपन नाय."

"म्हणजे माझी राणी वगैरे…"

"ती लिहिते. मग तिच्या अकाउंटवरून लव्ह यू टाकते. मला काय, कधी कधी बघतो मी. परवा वाचलं तर मी तिला मनालीला नेतोय. आता नेतो काय करणार, एवढ्या लोकांनी लाइक केलंय."

"आणि तुला चालतं हे?"

"काका, पयला आमच्यात रोज वाजायचं, की तू बोलत नाय, तू बोलत नाय. आता मी बोलतो ना." चौथा मजला आला. "तुमचापन पासवर्ड देऊन टाका काकींना. एकदम शांती."

श्रीरंगराव लिफ्टमधून बाहेर पडले ते पुरते गोंधळून. बायकोने स्वतःच स्वतःला श्वास म्हणायचं आणि त्यावर खूश व्हायचं, यात दावेदार कोण आणि देणेकरी कोण हेच त्यांना कळेना. तरी त्यांनी जेवताना धीर करून विचारलं, "मीरा, तुला माझा पासवर्ड हवा का?"

मीराताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेला भात ताकाशिवायच संपवला.

शुक्रवारी त्यांनी सेल्फीचा प्रयत्न केला. मीराताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. श्रीरंगरावांनी दारात पाठमोरं उभं राहून मोबाइल उंच धरला. हात आखूड पडत असल्यामुळे पहिल्या चार फोटोंत फक्त छताचा पंखा आला. पाचव्यात मात्र समोर श्रीरंगराव, मागे मीराताई, असं स्पष्ट नसलं तरी निर्विवाद दृश्य मिळालं. त्यांनी ते घाईघाईने चुरींना पाठवलं. सात मिनिटांत उत्तर आलं.

"महिला सदस्य अस्पष्ट. लाटणे स्पष्ट. नियमात बसत नाही. क्षमस्व."

अर्ज नामंजूर होण्याची श्रीरंगरावांना सवय नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी हे वाक्य शेकडो लोकांना लिहिलं होतं, ते वाचायला कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ते दहा मिनिटं नुसते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शेवटी रचनानेच मार्ग काढला. ती वाटीभर साखर मागायला आली होती, पण तिला सगळं आधीच ठाऊक होतं. "काका, वटारला फ्लॉईड आहे. प्री-वेडिंग करतो, एकदम झकास. तुमचं सिल्व्हर ज्युबिली शूट करेल. केळीच्या वाडीत, मॉर्निंग लाइटमध्ये. काकी, तुम्ही आमसुली साडी नेसा, काकांना मस्टर्ड कुर्ता. मॅचिंग नको, कॉम्प्लिमेंटरी पाहिजे."

श्रीरंगरावांना वाटलं, मीरा आता दोघांनाही दाराबाहेर काढेल. पण त्यांच्या मोबाइलवर, तीन फुटांवरून, एक अंगठा आला. हा अंगठा होकाराचा की भांडणाचा, हे विचारायला त्यांनी आर्याला फोन लावला, तर तिने उचलला नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता दोघं रिक्षातून वटारला उतरली. वाटेत रिक्षावाला सोडून कुणी बोललं नव्हतं. फ्लॉईड हा पंचविशीतला, पाठीवर दोन पिशव्या आणि डोक्यावर उलटी टोपी घातलेला मुलगा वाडीच्या बांधावर वाट बघत होता. वाडी रामूदादांची. रामूदादा आणि त्यांची बायको रंभाबाई, दोघंही सत्तरीची, पडवीत टोपल्या घेऊन बसली होती. रोज कुणीतरी नटून येतं, झाडाला टेकतं आणि जातं, याची त्यांना सवय झालेली होती. पण आजवर आलेली जोडपी वीस-पंचवीस वर्षांची असत. श्रीरंगरावांना बघून रंभाबाईंनी टोपली खाली ठेवली.

"यांचंपन लगीन हाय?" त्यांनी विचारलं.

"झालेलं आहे," श्रीरंगराव ताठ होत म्हणाले.

"मग आता कसाला?"

श्रीरंगराव फ्लॉईडच्या मागोमाग आत गेले. मागून रामूदादांचा आवाज आला, "पाटात पानी सोडलंय हां, बघून चाला."

पुढचा पाऊण तास श्रीरंगरावांना नंतर कधी नीट आठवला नाही. फ्लॉईडने त्यांना एका केळीला टेकून उभं केलं. केळीच्या एका तुटक्या देठातून चीक गळत होता, तो त्यांच्या मस्टर्ड कुर्त्याच्या खांद्यावर उतरला. केळीचा चीक धुण्याने जात नाही, हे मीराताईंना ठाऊक होतं आणि सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलेलं दिसलं, पण त्यांनी ते आवरलं.

"अंकल, आता आंटीकडे बघा," फ्लॉईड म्हणाला. "प्रेमाने."

श्रीरंगरावांनी बघितलं.

"अंकल, हे चेकिंग झालं. प्रेमाने बघा."

"मी असाच बघतो."

"आंटी, हे असेच बघतात?"

मीराताईंनी खांदे उडवले. मग फ्लॉईडने त्यांना एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावायला सांगितलं. चष्म्याला चष्मा लागला आणि दोन्ही खाली आले. मग हात हातात धरून चालायला सांगितलं, तर दोघं इतकी जपून चालली, की एकमेकांना रस्ता पार करून देत आहेत असं वाटावं. पडवीतून रंभाबाई सगळं बघत होत्या आणि मधूनच रामूदादांना काही सांगत होत्या. फ्लॉईड घाम पुसत म्हणाला, "अंकल, एक स्माइल तरी द्या." श्रीरंगरावांनी दिलं. फ्लॉईडने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे, ते मी नंतर बघतो."

"लास्ट पोझ," तो पुढे म्हणाला. "अंकल, तुम्ही आंटीकडे बघत हळूहळू मागे जा. दोन्ही हात पसरून. सिनेमासारखं."

आयुष्यात पहिल्यांदाच श्रीरंगरावांनी कागद न बघता कुणाचं तरी ऐकलं. ते हात पसरून मागे गेले. एक पाऊल, दोन पावलं, तीन, आणि चौथं पाऊल टाकायला खाली जमीन नव्हती. ते पाटात बसले. बसले म्हणजे पाहुण्यांकडे खुर्चीत बसावं तसे, हात पसरलेले, चेहऱ्यावर तोच मघाचा भाव. पाणी पोटापर्यंत आलं. चिखल कुठपर्यंत आला ते सांगण्यात अर्थ नाही.

मग मीराताई हसल्या.

हसल्या म्हणजे पाच दिवसांचं साठलेलं एकदम सुटलं. त्या केळीला धरून वाकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आमसुली पदर तोंडात धरूनही हसू थांबेना. "चष्मा," त्या कशाबशा म्हणाल्या, "अहो, आधी चष्मा बघा तुमचा." मंगळवारनंतर त्यांनी नवऱ्याला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द होते.

"फ्लॉईड!" श्रीरंगराव पाटातून ओरडले. "काढ!"

"बॅटरी गेली, अंकल! दोन मिनिटं!"

श्रीरंगराव उठून उभे राहिले. कुर्त्याच्या वरच्या खिशातला मोबाइल कोरडा होता. मीरा अशी हसायला लागली की हात खिशाकडे जायचा, ही त्यांची पंचवीस वर्षांची सवय, आणि चिखलात उभं असलं म्हणून ती सुटत नाही. पाठीवर ऊन घेत, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी फोटो काढला.

फ्लॉईड बॅटरी बदलून धावत आला तोवर हसू ओसरलं होतं. त्याने मोबाइलवरचा फोटो बघितला. "अरे यार. मस्त होता, अंकल, पण तुमची सावली आलीय ना पूर्ण. आंटीच्या पायापर्यंत. वेस्ट गेला."

रंभाबाई टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन आल्या होत्या. मागून रामूदादांनी मान घालून बघितलं. "वेस्ट कसा?" ते म्हणाले. "ह्यो पोटवाला तूच ना? मग दोगं हायत की."

श्रीरंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि पाय धुवायला बादली पुढे ओढली. परतीच्या रिक्षात मीराताई मध्येच आठवून हसत होत्या, पण बोलत नव्हत्या. एकदा हसलं म्हणजे मिटलं की नाही, याबद्दल श्रीरंगरावांना निश्चित माहिती नव्हती.

चार वाजता फ्लॉईडचे फोटो आले. श्रीरंगरावांनी ते हॉलमध्ये मीराताईंच्या शेजारी बसून उघडले. फोटो सुरेख होते. आकाश वटारचं नव्हतं, पण निळं होतं. कुर्त्यावर डाग नव्हता. श्रीरंगरावांच्या डोक्यावर पुढून केस आले होते आणि ते भरभरून हसत होते.

"हे असं मी कधी हसलो?" त्यांनी फ्लॉईडला फोन करून विचारलं.

"अंकल, तुमचं एकपण येत नव्हतं. म्हणून मी आमच्या मार्सेल अंकलचं लावलं. लास्ट मंथ त्यांची ज्युबिली झाली. एकदम सूट झालं तुम्हाला."

मीराताईंनी फोटो जवळ घेऊन बघितला. "चांगला माणूस दिसतो," त्या म्हणाल्या. "पण मी पंचवीस वर्षं याच्याबरोबर नव्हते." आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

नियमाप्रमाणे पाहिलं तर फोटो बिनतोड होता. दोघेही स्पष्ट, आजचाच. पाच वाजायला पन्नास मिनिटं होती. चुरींना पाठवला असता तर विशेष फ्रेम मिळाली असती, आर्या घरी आली असती आणि सोसायटीत मान राहिला असता. पण दुसऱ्याचं हसू जोडून दावा मंजूर करून घ्यायचा, हे श्रीरंगरावांच्या हातून होणं शक्य नव्हतं. शिवाय मीरा पुन्हा आत गेली होती, आणि हे तर अजिबातच सहन होण्यासारखं नव्हतं. बुधवारपासूनची घरातली शांतता त्यांना इतकी नकोशी झाली होती, की दुधीकडे बघूनही भरून येत होतं.

त्यांनी सकाळचा फोटो पुन्हा उघडला. हसणारी मीरा, आणि तिच्या पावलांपर्यंत पोचलेली पोटवाली सावली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते जुन्या फोटोंत मागे मागे जायला लागले. या वेळी त्यांनी फोटोतल्या माणसाकडे बघितलंच नाही. ते कडेने बघत होते, क्लेमच्या कागदांवर खाडाखोड बघतात तसं. आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात मीराताईंचा मोबाइल वाजायला लागला.

पहिला फोटो महाबळेश्वरचा. खाली श्रीरंगरावांनी लिहिलं होतं, "डावीकडे खाली. टोपीची सावली. टोपी माझी."

मग गणपतीपुळे. "तुझ्या गॉगलमध्ये वाकलेला इसम मीच."

मग आर्याच्या बारशानंतरचा, चाळीतल्या गच्चीवरचा. "उजव्या कोपऱ्यात बोट. नख बघ. दरवाजात चेमटलं होतं ते."

मग वेरूळ. "सावलीच्या हातात दोन पर्स आहेत. दोन्ही तुझ्या."

असे एकोणीस गेले. स्वयंपाकघरातून काहीच आलं नाही, अंगठासुद्धा नाही. श्रीरंगराव सोफ्याच्या कडेवर बसून होते. इतक्या वर्षांत किती विधवा आणि किती म्हातारे आपल्या टेबलासमोर असेच कडेवर बसले असतील, हे त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांचा मोबाइल वाजला. फोटो कन्याकुमारीचा होता, त्यात एकटे श्रीरंगराव, सूर्याकडे तोंड करून डोळे बारीक केलेले. त्यांच्या बुटांपाशी एक सावली होती. अंबाडा, खांद्याला पिशवी, आणि वाऱ्यावर उडणारा पदर.

खाली मीराताईंनी लिहिलं होतं, "ही कोण ते ओळखा."

श्रीरंगराव उठून स्वयंपाकघरात गेले. मीराताई ओट्याला टेकून डोळे पुसत होत्या.

"आता पुरावा…" त्यांनी सुरुवात केली.

"पुराव्याचं राहू द्या हो," मीराताई म्हणाल्या. "मला फोटो कुठे हवा होता? मी गमतीत विचारलं, आणि तुम्ही चष्मा पुसून नाही म्हणालात. फार लागलं मला ते."

"पण पुरावा खरंच नव्हता, मीरा."

"काही क्लेम न बघता पास करायचे असतात."

असा नियम श्रीरंगरावांच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हता. पण त्यांनी मान हलवली. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मीराताईंनी दुधी पुढे ओढला आणि त्यांच्या हातात सोलाणं दिलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना दोघांनी मिळून वटारचा फोटो चुरींना पाठवला. हसणारी मीरा, चिखलातली सावली. पाचला पाच मिनिटं असताना उत्तर आलं.

"महिला सदस्य स्पष्ट. पुरुष सदस्य केवळ सावली स्वरूपात. नियमात बसत नाही. क्षमस्व."

सोमवारी सकाळी सात वाजता ग्रुपवर हंस आले. पंचवीस वर्षांनिमित्त या वेळी पणत्या दोन होत्या. त्याखाली हात, फुलं, केक आणि बदाम जमायला लागले. दीपेशच्या अकाउंटवरून 'आमचे आदर्श काका-काकी' असा मजकूर आला आणि दारात भेटलेल्या दीपेशला त्याची काही कल्पना नव्हती. आर्याने पुण्याहून नुसतं कपाळाला हात लावलेलं चित्र पाठवलं.

श्रीरंगरावांनी भीत भीत मोबाइल मीराताईंपुढे धरला. गेल्या वर्षी हंसांवरून त्या आठवडाभर धुसफुसत होत्या. आज त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"हा डावीकडचा," त्या म्हणाल्या, "पाटात बसल्यासारखाच बसलाय." आणि पुन्हा त्यांना हसू आवरेना.

मग त्या गॅलरीच्या दारात गेल्या. पूर्वेचं ऊन त्यांच्या पाठीमागून हॉलमध्ये येत होतं. "तुम्ही तिथे उभे राहा," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवसाचा एक काढून ठेवू तुमचा."

श्रीरंगराव भिंतीपाशी उभे राहिले. काल जो घोळ झाला त्यानंतर तरी दोघांचा एक काढायला हवा, शेजारून रचनाला बोलवायला हवं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण त्यांनी खाली बघितलं. अंबाडा घातलेली एक सावली फरशीवरून त्यांच्याकडे आली होती आणि चपलांच्या वीतभर अलीकडे थांबली होती. ते हळूच एक पाऊल पुढे सरकले.

"अहो, हलू नका," मीराताई म्हणाल्या.